घोळणा वारंवार फुटतो? डाग देण्यापूर्वी एवढे वाचा



या पत्रिकेत मी नेहमी लागण, खोडवा आणि खतांच्या मात्रा यांवर लिहितो. या खेपेस विषय निराळा आहे, आणि तो माझ्याच नाकाचा आहे.

मागच्या गळीत हंगामात माझा उजव्या बाजूचा घोळणा आठवड्यातून दोन-तीनदा फुटायचा. एकदा तोडणी बघताना फडातच सगळा शर्ट भिजला. टोळीतल्या मंडळींनी मला बांधावर आडवे केले, डोक्यावर पाणी ओतले, कांदा फोडून हुंगवला. माया खरी, पण उपाय चुकीचा. आडवे झाल्याने रक्त घशात उतरले आणि उलटी झाली.

बरोबर पद्धत अशी : ताठ बसावे, मान किंचित पुढे झुकवावी. नाकाचा शेंड्याकडचा मऊ भाग दोन बोटांनी घट्ट दाबून धरावा आणि तोंडाने श्वास घ्यावा. घड्याळ लावून १० ते १५ मिनिटे दाबावे. मधेच सोडून बघू नये. तोंडात आलेले रक्त थुंकावे, गिळू नये.

नाकाच्या मधल्या पडद्याच्या पुढच्या भागात बारीक रक्तवाहिन्यांचे जाळे असते. बहुतेक घोळणे तिथूनच फुटतात. कोरडी थंडी, धूळ, सर्दी आणि नाकात बोट घालण्याची सवय ही नेहमीची कारणे. पाचटाच्या धुरानेही नाक चुरचुरते. पाचट कुजवा, हे मी उगाच सांगत नाही!

आमच्या डॉक्टरांनी आधी रक्तदाब मोजला, रक्त तपासले, कोणत्या गोळ्या चालू आहेत ते विचारले. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांनी घोळणा लवकर थांबत नाही. पण त्या गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत. मग काही आठवडे नाकात मलम आणि मिठाच्या पाण्याचे थेंब दिले. पुष्कळांचे एवढ्यावर भागते, मुलांचे तर विशेष. माझे कमी झाले, पण थांबले नाही.

तेव्हा नाक-कान-घसा तज्ज्ञांनी आत बघून फुटणारी जागा नेमकी दाखवली आणि डाग देण्याचा सल्ला दिला. घरी एकच ओरड झाली. आई म्हणाली, "बैलाला डागतात तसं नाक डागून घेतोस व्हय रं?" खरे सांगतो, मीही पंधरा दिवस टाळले. पण मोटारसायकलवर असताना घोळणा फुटला, डोळे पुसता पुसता समोरचा ट्रॅक्टर उशिरा दिसला, आणि निर्णय झाला.

तापलेली सळई वगैरे काही नसते. आधी औषधाने जागा बधिर करतात, मग सिल्व्हर नायट्रेट लावलेली काडी त्या ठिकाणी काही सेकंद टेकवतात. काही वेळा विजेच्या उपकरणानेही करतात. थोडे चुरचुरले, शिंका आल्या. काही मिनिटांत मी बाहेर! पुढे आठवडाभर नाक जोरात शिंकरायचे नाही, खपली काढायची नाही, मलम लावायचे.

दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्या. पडद्याच्या दोन्ही बाजूंना एकाच वेळी डाग देत नाहीत, कारण पडद्याला भोक पडण्याची भीती असते. आणि हा कायमचा ताम्रपट नव्हे; घोळणा पुन्हा फुटू शकतो. माझा त्यानंतर एकदाच फुटला, तोही दाबल्यावर थांबला.

मात्र अर्धा तास दाबूनही रक्त थांबत नसेल, घशात सारखे उतरत असेल, चक्कर येत असेल किंवा डोक्याला मार लागला असेल, तर घरी बसू नये. १०८ ला फोन करावा. वयस्कर माणसाचे रक्त नाकाच्या मागच्या भागातून येत असेल, तर ते जास्त धोक्याचे. एकाच बाजूने रक्त येते आणि तीच नाकपुडी चोंदलेली राहते, असे असल्यास तपासणी लांबवू नये.

माती परीक्षणाशिवाय खत टाकू नका, असे मी तुम्हांला वर्षानुवर्षे सांगतो. नाकाचेही तसेच. आधी तपासणी, मग मलम, आणि गरज पडली तरच डाग. पण गरज असताना माझ्यासारखे पंधरा दिवस घालवू नका.

आपला,
ऊस विकास अधिकारी