गाडीच्या एसीतला गॅस ‘संपत’ नाही



उन्हाळा तापला की मला सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न एकच असतो : गाडीचा एसी गार करत नाही, गॅस भरून घेऊ का? प्रश्न नागपूरहून येतो, तसा इंदूर, बडोदा आणि हैदराबादहूनही येतो. गॅरेजमध्ये कुणी हिंदीत बोलतं, कुणी गुजरातीत, कुणी तेलुगूत. पण उत्तर बहुतेक ठिकाणी तेच मिळतं, ‘गॅस संपलाय, भरावा लागेल.’ आज आपण हे एक वाक्य तपासणार आहोत. कारण ते चुकीचं निघालं तर पैसे जातात आणि ऐन मे महिन्यात, घरातली म्हातारी माणसं नि लहान मुलं गाडीत असताना, एसी पुन्हा बसतो.

गॅस जातो कुठे?

पेट्रोल जळतं म्हणून संपतं. एसीतला गॅस जळत नाही, तो बंद नळ्यांमधून फिरत राहतो. कॉम्प्रेसर त्याला दाबतो, दाबाने तो तापतो. रेडिएटरच्या पुढे बसवलेल्या कंडेन्सरमध्ये तो आपली उष्णता बाहेरच्या हवेला देतो आणि द्रव होतो. मग बारीक तोंडाच्या एक्स्पान्शन व्हॉल्व्हमधून तो डॅशबोर्डच्या आतल्या कूलिंग कॉइलमध्ये येतो. तिथे दाब एकदम उतरतो, द्रवाची पुन्हा वाफ होते आणि त्यासाठी लागणारी उष्णता तो गाडीतल्या हवेतून ओढून घेतो. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांमध्ये वर्षानुवर्षे आर-१३४ए हा गॅस वापरला जातोय. हवेच्या नेहमीच्या दाबाला तो उणे २६ अंशांवरच उकळतो, म्हणून हे काम त्याला जमतं.

घरातल्या फ्रीजमध्ये आपण दर उन्हाळ्यात गॅस भरतो का? नाही. गाडीचं थोडं वेगळं आहे, हे मान्य. इथे रबरी पाइप आहेत, कॉम्प्रेसर इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो, त्याच्या दांड्यापाशी सील आहे आणि सगळं सतत हादरतं. त्यामुळे काही वर्षांत थोडा गॅस झिरपू शकतो. पण दर उन्हाळ्यात भरावा लागत असेल तर नक्की कुठेतरी गळती आहे. आणि एसी गार न करण्याची बरीच कारणं अशी आहेत, ज्यांचा गॅसशी संबंधच नाही. ती क्रमाने पाहू.

१. हवा कमी येते, की गरम येते?

ब्लोअर पूर्ण वेगावर ठेवा. हवाच मरतुकडी येत असेल, तर आधी केबिन फिल्टर बघा. बऱ्याच गाड्यांत तो डाव्या बाजूच्या कप्प्यामागे असतो आणि हाताने निघतो. धूळ आणि पानांचा चुरा भरून तो गच्च झालेला असतो. ब्लोअर फक्त शेवटच्या वेगावर चालतो, खालच्या वेगांवर बंद, असं असेल तर बहुधा ब्लोअरचा रेझिस्टर गेलाय. तो लहानसा सुटा भाग आहे.

आता दुसरी तऱ्हा. सुरुवातीला गारेगार, अर्ध्या तासाने हवा मंदावते, एसी दहा मिनिटं बंद ठेवला की पुन्हा छान. याचा अर्थ कूलिंग कॉइलवर बर्फ धरतोय. चोंदलेला फिल्टर, कॉइलचा बिघडलेला तापमान सेन्सर किंवा कमी झालेला गॅस, तिन्हींपैकी काहीही असू शकतं. फिल्टर सगळ्यांत स्वस्त, म्हणून तपास तिथून सुरू करा.

२. गरम नेमकी कधी येते?

हायवेवर गार आणि सिग्नलला थांबलं की गरम? मग संशय कंडेन्सरच्या पंख्यावर घ्या. गाडी पळत असताना समोरची हवा कंडेन्सर थंड करते. थांबल्यावर ते काम पंख्याचं. इंजिन आणि एसी चालू ठेवून बॉनेट उघडा आणि पंखा फिरतो का ते लांबूनच पाहा. ओढणी, सैल बाही, हात, काहीही जवळ नेऊ नका, तो अचानक सुरू होतो. कंडेन्सरच्या जाळीत चिखल, किडे अडकले असतील तर साध्या नळीच्या पाण्याने धुवा. जोराच्या फवाऱ्याने तिच्या पातळ पट्ट्या वाकतात.

तापमानाची कळ फिरवून काही फरकच पडत नाही आणि डॅशबोर्डमधून टक्-टक् आवाज येतो, तर गार-गरम हवा मिसळणारा फ्लॅप किंवा त्याची मोटर पाहायला सांगा.

३. कॉम्प्रेसर चालू होतो का?

एसीचं बटण दाबल्यावर अनेक गाड्यांत ‘खट्’ असा क्लचचा आवाज येतो आणि इंजिनाचा सूर किंचित बदलतो. काही नव्या कॉम्प्रेसरना असा क्लच नसतो, म्हणून आवाज नाही म्हणजे बिघाडच, असं समजू नका. कॉम्प्रेसर खरंच चालू होत नसेल तर आधी फ्यूज आणि रिले तपासून घ्या. गॅस फार कमी झाला तर दाबाचा स्विच कॉम्प्रेसरला मुद्दाम बंद ठेवतो. इंजिन जास्त तापलं तरी पुष्कळ गाड्या एसी तोडतात. म्हणून तापमानाच्या काट्याकडेही लक्ष हवं.

इलेक्ट्रिक किंवा हायब्रिड गाडी असेल तर नारिंगी तारांना हात लावायचा नाही. कॉम्प्रेसरही त्याच जास्त व्होल्टेजवर चालू शकतो. ते काम प्रशिक्षित माणसाचं.

४. गॅस खरोखर कमी असेल तर

इथे गेजची एक गंमत समजून घ्या. एसी बंद असताना गेज लावून ‘बघा, दाब किती आहे’ असं दाखवलं जातं. पण नळ्यांत थोडा जरी द्रव शिल्लक असेल, तरी तो दाब बाहेरच्या तापमानावर ठरतो, गॅसच्या वजनावर नाही. ३० अंशांना आर-१३४एचा हा दाब सुमारे ९७ पीएसआय असतो, मग आत ४५० ग्रॅम गॅस असो की २०० ग्रॅम. चालू एसीच्या दोन्ही बाजूंचे दाब अंदाज देतात, पण किती गॅस आहे हे कळायचं तर तो यंत्राने काढून तोलावाच लागतो.

योग्य पद्धत अशी : आधी गळती शोधायची. सांध्यावर तेलकट डाग दिसतो, साबणाच्या पाण्याचे बुडबुडे येतात किंवा चमकणारा रंग घालून दिव्याखाली पाहतात. मग दुरुस्ती. त्यानंतर व्हॅक्यूम करून आतली हवा आणि ओल काढायची, तो टिकतो का पाहायचं आणि बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलंय तेवढ्याच ग्रॅम वजनाने गॅस भरायचा. जास्त भरला तरी गारवा कमीच होतो. गळती बुजवणारी रसायनं घालू देऊ नका, ती आतले बारीक मार्गही बुजवतात. एलपीजीसारखा पेट घेणारा गॅस तर मुळीच नको. जुना गॅस हवेत सोडून देणंही चूक आहे, कारण तो वजनाला वजन कार्बन डायऑक्साइडपेक्षा हजार पटींहून जास्त उष्णता धरतो.

गाव बदललं की एसी बदलतो

मुंबई, मंगळूर, चेन्नईच्या दमट हवेत कॉइलची बरीच ताकद हवेतलं पाणी काढण्यात जाते. गाडीखाली पाण्याचं थारोळं होतं, ते चांगलं लक्षण आहे. इंदूर-नागपूरच्या कोरड्या मे महिन्यात थेंबही पडला नाही तरी घाबरू नका. मात्र दमट हवेत बाहेर पाणी नाही आणि पायाखालचं मॅटिंग ओलं, तर पाण्याची नळी तुंबली आहे.

म्हणून एक सवय लावा. एसी उत्तम चालत असतानाच मधल्या झडपेत साधा थर्मामीटर दहा मिनिटं धरा आणि बाहेरचं व आतलं, दोन्ही तापमानं लिहून ठेवा. पुढच्या वर्षी तुलनेला तोच आकडा कामी येईल.

आणि गॅस भरा असं सांगितलं गेलं, तर शांतपणे तीन प्रश्न विचारा : गळती कुठे सापडली? व्हॅक्यूम टिकला का? किती ग्रॅम भरणार? ज्याने खरं काम केलंय, त्याला ही उत्तरं द्यायला अर्धा मिनिटही लागत नाही. उत्तर मिळालं नाही, तर किल्ली मागून घ्या आणि दुसरं गॅरेज बघा.