घरच्या मोडी पत्राची उकल

२०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीचं काम सुरू झालं आणि कुणबी नोंदी शोधण्यासाठी मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी मागणी आली. चिंचवड, भोसरी, चाकण या पट्ट्यातल्या जुन्या घरांतही माळ्यावरच्या ट्रंका खाली उतरू लागल्या. वतनाच्या नि जमिनीच्या कागदांच्या घडीत कधी एखादं घरगुती पत्रही निघतं. त्यावर जमिनीची हद्द नसते, वंशावळ नसते, म्हणून ते बाजूला पडतं. पण दोनशे वर्षांपूर्वी आपल्याच घरात काय चाललं होतं, ते सांगणारा कागद तोच असतो. तो कसा वाचायचा, हे पायरीपायरीने पाहू. उदाहरणादाखल घेतलेल्या ओळी त्या काळच्या रिवाजाप्रमाणे रचलेल्या आहेत. चाकणला राहणाऱ्या बापाने पुण्यात कारकुनी करणाऱ्या मुलाला पत्र लिहिलं आहे, अशी कल्पना करा.

वाचण्याआधी कागद हातात घेऊन पाहा. पेशवाईत या भागात जुन्नरचा हातकागद नावाजलेला होता. बोरूने आणि काजळीच्या शाईने लिहिलेली अक्षरं अजूनही काळीभोर दिसतात. शाई टिपायला वर बारीक वाळू टाकत. घडीत तिचे चमकते कण आजही सापडतात. घडी जिथे पडली असेल तिथे कागद पहिल्यांदा फाटतो, म्हणून पत्र एकदम उघडू नका.

आता लिपी. मोडी लिहिणारा आधी डावीकडून उजवीकडे सलग रेघ ओढतो आणि मग त्या रेघेला अक्षरं लटकवत जातो. बोरू शक्य तितका न उचलता लिहिलेलं असल्याने अक्षरं एकमेकांत गुंततात. दोन शब्दांत मोकळी जागा नसते, विरामचिन्हं नसतात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो. त्यामुळे एकेक अक्षर सोडवत बसलात तर अडकाल. सोपी वाट अशी, की ठरावीक मायने आधी पाठ करावेत. नजरेला ते ओळखीचे झाले की त्या हाताचं वळण कळतं आणि पुढचा मजकूर सुटू लागतो.

पत्राच्या माथ्यावर ‘श्री’ असतो. खाली मायना, आणि मायन्यातच नातं कळतं. वडिलांना ‘तीर्थरूप’, मुलाला किंवा धाकट्याला ‘चिरंजीव’, विद्वान ब्राह्मणाला ‘वेदशास्त्रसंपन्न’, मानाच्या गृहस्थाला ‘राजमान्य राजश्री’. यांची लघुरूपंच जास्त भेटतात: ती., चि., वे. शा. सं., रा. रा. आपल्या पत्रात बाप लिहितो, ‘चिरंजीव यांसी आशीर्वाद उपरि येथील क्षेम जाणोन स्वकीय कुशल लिहीत जाणे. विशेष.’ हे ‘विशेष’ शोधा. त्याच्या अलीकडे रिवाज असतो, पलीकडे घर सुरू होतं.

पलीकडे काय भेटतं? कोणी ‘प्रसूत होऊन पुत्र जाहला’, कोणाच्या मुंजीचा मुहूर्त ठरला, कोणाला ‘देवी आल्या’. ही शेवटची बातमी घराचा थरकाप उडवणारी होती. गोस्तन देवीची लस १८०२ साली मुंबईत आली खरी, पण गावोगावच्या पोरांपर्यंत ती पोहोचायला पुढे कितीतरी वर्षं गेली. मग धान्य: जोंधळा किती पायली राहिला, बाजरी कोणाकडून उसनी आणली. चार शेरांची एक पायली, वीस मणांची एक खंडी. मणाचं माप मात्र गावागणिक बदले, म्हणून आकडा वाचताना गाव कोणतं ते पाहावं. १८०२ च्या ऑक्टोबरात हडपसरच्या लढाईनंतर होळकरांच्या फौजेने पुणे प्रांत लुटला आणि पाठोपाठ मोठा दुष्काळ पडला. त्या वर्षांच्या पत्रात ‘धान्य मिळत नाही’ एवढंच लिहिलेलं दिसलं, तरी तेवढ्या तीन शब्दांवर थांबून राहावं.

मजकूर संपत आला की बाकीचं घर पुढे येतं. आईचा आशीर्वाद, धाकट्यांचे नमस्कार, जागा पुरली नाही तर समासात आडव्या लिहिलेल्या दोन ओळी. लिहिणारा हात बापाचा असतो. ‘कापूस धाडून देणे’ हा निरोप मात्र बहुधा आत चुलीपाशी बसलेल्या बाईचा. शेवटी येतं, ‘बहुत काय लिहिणे, हे आशीर्वाद.’

तारखेला सगळ्यांत जास्त वेळ द्यावा लागतो. कधी शक आणि तिथी असते: ‘शके १७३९ ईश्वरनाम संवत्सरे’. कधी अरबी शब्दांतला सुहूर सन असतो: ‘सन समान अशर मयातैन व अलफ’. समान म्हणजे आठ, अशर दहा, मयातैन दोनशे, अलफ हजार. बेरीज १२१८. सुहूर सन मृगाला बदलतो, म्हणून मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या पत्राला ५९९ मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंतच्या पत्राला ६००. आपलं पत्र १८१७-१८ मधलं ठरलं. आरंभीचं ‘छ’ हे चंद्रतिथीचं चिन्ह. त्यापुढे मोहरम, सफर असा मुसलमानी महिना येतो. ते महिने ऋतूंतून फिरत राहतात, म्हणून नेमका दिवस जंत्री उघडूनच काढावा.

साल कळलं की साध्या ओळी बोलू लागतात. नोव्हेंबर १८१७ मध्ये शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण चढलं आणि १८१८ च्या आरंभी चाकणचा किल्लाही त्यांच्या हाती गेला. त्या हिवाळ्यात बाप मुलाला ‘प्रकृतीस जपणे’ असं लिहितो, तेव्हा त्याच्या मनात नुसता खोकला नसणार.

पाठ उलटून पाहा. ‘पैवस्ता’ म्हणजे पोहोचल्याची नोंद; लिहिल्याची तारीख तिच्याशी ताडली की पत्राला किती दिवस लागले ते कळतं. अर्ध्या आण्याचं तिकीट १८५४ मध्ये आलं. त्याआधी सामान्य घरचं पत्र जासुदाबरोबर, बाजाराला निघालेल्या शेजाऱ्याबरोबर किंवा वारीला चाललेल्या माणसाबरोबर जाई. म्हणून ‘हे तोंडी सांगतील त्यावरून कळेल’ असं वाक्य भेटतं. अर्धी बातमी कागदावर, अर्धी आणणाऱ्याच्या तोंडी. ती दुसरी अर्धी आपल्याला कधीच मिळणार नाही.

आणि एक गोष्ट ट्रंकेत सहसा सापडत नाही: मृत्यूचं पत्र. अशुभ वार्तेचा कागद वाचून फाडून टाकण्याची रीत आपल्या घरांत पोस्टकार्डाच्या काळापर्यंत होती. तरीही मृत्यू कळतो. दोन पत्रं तारखेने लावून ठेवा. पहिल्यात एका बाईच्या नावामागे ‘सौ.’ आहे आणि दुसऱ्यात त्याच नावामागे ‘गं. भा.’ मधल्या काळात त्या घरावर काय कोसळलं, ते एवढ्या दोन अक्षरांत लिहिलेलं आहे.

म्हणूनच पत्रं सुटी करू नका. ज्या रुमालात, ज्या क्रमाने सापडली तशीच ठेवा. लॅमिनेशन करू नका, चिकटपट्टी लावू नका. दिवसाच्या उजेडात दोन्ही बाजूंचे फोटो घ्या आणि मोडी जाणणाऱ्याकडे न्या. १९१० साली स्थापन झालेलं भारत इतिहास संशोधक मंडळ पुण्यातच आहे. जमिनीचा कागद दाखवायला जाल तेव्हा घरचं पत्रही बरोबर असू द्या. जमीन कोणाची होती ते पहिला कागद सांगेल. तिच्यावर राबणाऱ्या घरात त्या साली किती जोंधळा उरला होता आणि कोणाला देवी आल्या होत्या, ते दुसरा.