वरवंडची ढेप विलायतेला जाईल का?

पुण्याहून सोलापूरच्या रस्त्याने निघाले, की हडपसर, लोणी काळभोर, उरुळी कांचन, यवत अशी गावे मागे पडतात, चौफुला येतो आणि त्याच्या पुढे वरवंड लागते. दौंड तालुक्याचा हा भाग मुळातला अवर्षणाचा. खडकवासल्याच्या कालव्याचे पाणी आले आणि इथे ऊस उभा राहिला. उसामागोमाग गुऱ्हाळे आली. आज केडगाव, वरवंड, पाटस या पट्ट्यात फिरताना उकळत्या रसाचा गोड, जड वास मोटारीच्या काचा लावल्या तरी आत येतो.

दिवाळीच्या अनारशांसाठी आपण जो गूळ आणतो, तो असल्याच एखाद्या काहिलीतून निघालेला असतो. मग हा गूळ परदेशातल्या दुकानात, गुऱ्हाळाच्या मालकाचे नाव छापलेल्या वेष्टनात का दिसू नये? प्रश्न वाटतो तितका हवेतला नाही. भारताचा गूळ परदेशी जातो आणि आपली माणसे जिथे जिथे स्थायिक झाली आहेत तिथल्या दुकानांत तो मिळतोही. परंतु त्यातला नफा बहुधा मोठ्या व्यापाऱ्याच्या पदरी पडतो. गुऱ्हाळवाल्याचा व्यवहार आडत्याच्या काट्यावर संपतो.

काहिलीतली कला

गुऱ्हाळ हा दिसायला साधा, पण मोठ्या जोखमीचा धंदा आहे. एक टन उसातून साधारण 100 किलोच्या आसपास गूळ हाती लागतो. चरकातून निघालेला रस काहिलीत पडला, की खाली चुलवाणात चिपाडाचा जाळ सुरू होतो. वर येणारी मळी काढायची, रस निवळावा म्हणून रानभेंडीचे पाणी घालायचे आणि पाक सुमारे 118 अंशांवर आला, की नेमक्या क्षणी काहील उतरवायची. उतरवायला उशीर झाला तर गूळ करपतो, घाई झाली तर ढेप बसत नाही. हा क्षण ओळखणारा गुळव्या म्हणजे गुऱ्हाळाचा प्राण.

अशा कसबी माणसाच्या मालाला जगात मागणी नसेल असे नाही. कोलंबियात उसाच्या रसापासून असाच गूळ करतात. त्याला ‘पानेला’ म्हणतात आणि तो युरोपात विकला जातो. जपानच्या ओकिनावाकडील आठ बेटांवर ‘कोकुतो’ नावाचा काळपट गूळ होतो. बेटाबेटाची चव वेगळी म्हणून रसिक तो नावानिशी मागून घेतात. तिथे गुळाचा काळेपणा ही त्याच्या अस्सलपणाची खूण मानतात.

आपल्याकडे नेमके उलटे आहे. आपल्याला गूळ हवा पिवळाधमक! उसाचा रस आटवला की तो तपकिरीच होणार. त्याला सोनेरी करण्यासाठी कित्येक ठिकाणी ‘हायड्रॉस’ नावाची पूड टाकतात. तिच्यामुळे गुळात गंधकाचा अंश उतरतो. आपल्या कायद्याने गुळातल्या सल्फर डायऑक्साइडला दहा लाख भागांत 70 भाग ही मर्यादा घातली आहे. युरोपात तर हे प्रमाण किलोमागे 10 मिलिग्रॅमच्या वर गेले, की वेष्टनावर तसे छापावे लागते. शिवाय काही गुऱ्हाळांत चिपाडाऐवजी भलताच कचरा जाळतात, अशा तक्रारी या पट्ट्यातून वरचेवर आल्या आहेत. परदेशातला ग्राहक मालाबरोबर मालाची हकिगतही मागतो, आणि गाडे अडते ते इथेच. ऊस कोणाच्या शेतातला, रसात काय घातले, चुलवाणात काय जाळले, हे सांगणारा कागद गुऱ्हाळवाल्यापाशी नसतो.

द्राक्षांनी गिरवलेला धडा

हा कागद तयार करणे लहान शेतकऱ्याला जमेल का, अशी शंका कोणी काढील. तिचे उत्तर मिळण्यासाठी फार लांब जायला नको. याच सोलापूर रस्त्यावर, पुण्याजवळ मांजरीला, 1997 साली स्थापन झालेले राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे.

महाराष्ट्रातले द्राक्ष बागायतदार बहुतेक लहान जमिनीचे. एकट्याने एक कंटेनर भरणेही त्यांना अवघड. 1991 साली बागायतदारांच्या सहकारी संस्थांनी एकत्र येऊन ‘महाग्रेप्स’ ही भागीदारी उभी केली. राज्याच्या कृषी पणन मंडळाने पाठबळ दिले. सुरुवातीला पुष्कळ माल नाकारला गेला. गोड द्राक्ष पिकवता येत होते, पण न्हावाशेवाहून युरोपला जहाज जायला तीन आठवडे लागत आणि तेवढा काळ ते टिकवण्याची विद्या नवी होती. तोडणी झाल्याबरोबर काही तासांत घड थंड करणे, मग शून्य अंशाच्या आसपास साठवण, पेटीत बुरशी रोखणारा कागद घालणे, मण्यांचा आकार मिलिमीटरमध्ये मोजणे, हे सारे एकेक करून शिकावे लागले.

तरीही ठेच लागायची ती लागलीच. 2003 साली नेदरलँड्समध्ये भारतीय द्राक्षांत कीटकनाशकाचे अंश मर्यादेपेक्षा जास्त सापडले. त्यानंतर अपेडा या केंद्र सरकारच्या निर्यात संस्थेने तपासणीची पद्धत बसवली आणि 2006 साली ‘ग्रेपनेट’ सुरू केले. प्रत्येक बागेला नोंदणी क्रमांक मिळाला. पेटी रॉटरडॅमला उघडली, तरी ती कोणत्या गावच्या कोणत्या बागेतली, हे कळू लागले.

2010 साली पुन्हा संकट आले. वेलीची वाढ रोखण्यासाठी वापरले जाणारे क्लोरमेक्वाट हे औषध तपासणीच्या यादीतच नव्हते. युरोपातल्या प्रयोगशाळांनी ते शोधून काढले, माल अडकला आणि बागायतदारांचे अतोनात नुकसान झाले. पण कोणी बाजार सोडला नाही. यादी सुधारली आणि पुढच्या हंगामात पेट्या पुन्हा रवाना झाल्या. शिकलेला शेतकरी आणि न शिकलेला शेतकरी, दोघांच्याही फवारणीच्या वह्या आज सारख्याच काटेकोर लिहिल्या जातात.

हाताशी असलेली साधने

गुळालाही हाच मार्ग मोकळा आहे. पाच-दहा गुऱ्हाळांनी एकत्र येऊन एकच पद्धत ठरवली, प्रत्येक घाण्याला क्रमांक दिला आणि नमुने प्रयोगशाळेत तपासून घेतले, तर पहिला टप्पा गाठला जाईल. कोल्हापुरी गुळाला 2014 साली भौगोलिक मानांकन मिळाले, ते नावाची किंमत ओळखल्यामुळेच.

कागदपत्रांची भीतीही पूर्वीइतकी उरलेली नाही. निर्यातीचा क्रमांक आता घरबसल्या संगणकावर, 500 रुपये शुल्क भरून काढता येतो. अन्नसुरक्षेचा परवाना आणि अपेडाकडची नोंदणी त्याच्या जोडीला लागते. परदेशी ग्राहकाने पैसे बुडवले तर काय, ही धास्ती सर्वांनाच असते. त्यासाठी 1957 साली सरकारने विम्याची सोय केली. तिलाच आज ईसीजीसी म्हणतात. थोडा माल पाठवायचा असेल तर 2022पासून टपाल खात्याने डाकघर निर्यात केंद्रे उघडली आहेत. कंटेनरभर मालाची वाट न पाहता एखादी पेटी पाठवून बाजाराचा अंदाज घेता येतो.

अर्थात सगळेच आपल्या हातात नसते. 2023च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले, तेव्हा युरोपला जाणारी जहाजे आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली आणि द्राक्षांच्या प्रवासाचे दिवस वाढले. नाशवंत मालाला हे फार जड गेले. गूळ टिकाऊ आहे, दमट हवेपासून जपला की झाले. त्या दृष्टीने तो द्राक्षापेक्षा नशीबवान म्हणायचा.

स्वयंपाकघरातून बाजारपेठेकडे

आता वाचकांशी थोडे. वरवंडच्या गुऱ्हाळवाल्याला विचारा, की पूड कशाला घालतोस? तो सरळ सांगेल, ‘‘साहेब, पिवळा नसला तर पुण्याचा व्यापारी भाव पाडतो.’’ व्यापाऱ्याला विचारले तर तो गिऱ्हाइकाकडे बोट दाखवील. आणि गिऱ्हाईक म्हणजे आपणच! दिसते तसे नसते म्हणून जग फसते, ही म्हण आपण मुलांना शिकवतो आणि दुकानात जाऊन सर्वांत चकचकीत ढेप उचलतो.

ज्या मालाला घरची गृहिणी पारखून घेते, तोच माल परदेशच्या परीक्षेला उतरतो. पुण्या-मुंबईच्या घरांनी तपकिरी, बिनपुडीचा गूळ मागायला सुरुवात केली आणि त्यासाठी चार पैसे जास्त मोजले, तर गुऱ्हाळवाल्याला आपली पद्धत बदलणे परवडेल. त्याला हवी असलेली पहिली मोठी मागणी आपण इथे बसून देऊ शकतो. यंदा अनारशांचा गूळ घेताना दुकानदाराला एवढेच विचारावे: हा कोणत्या गावचा, आणि यात काय घातले आहे? त्याला उत्तर येत नसेल, तर पुढच्या खेपेला तो माहिती काढून ठेवील.