बॅटरीला दोष देण्याआधी मल्टिमीटर लावा

• रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्ट म्हणजे बॅटरी भरलेली, १२.२ म्हणजे जेमतेम अर्धी.

• स्टार्टर मारताना आकडा ९.६ च्या खाली घसरला? बॅटरी थकली असावी. टर्मिनलवरचा पांढरा-हिरवा थरही पाहा.

• इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.४ हवेत. १२ वरच अडलं, तर संशय अल्टरनेटरवर.

• रोज सकाळी बॅटरी उतरलेली? गाडी लॉक करून तासभर थांबा. नंतरही ५० मिलिअँपिअरहून जास्त करंट जात असेल, तर एकेक फ्यूज काढून चोर शोधा.

• लाल फ्यूज १० अँपिअरचा, निळा १५, पिवळा २०. जास्त अँपिअरचा बसवलात, तर फ्यूजऐवजी वायर जळेल.

• हायब्रिड-इलेक्ट्रिक गाडीतल्या नारिंगी केबलला हात लावू नका.