शिक्का एकदाच कोरायचा: पायथॉनमधून 300 प्रमाणपत्रं

आजचा विषय कोडचा आहे, आणि ऐकताना कोड काही दिसत नाही. त्यामुळे आधी कल्पना सांगतो. ती एकदा डोक्यात बसली, की कोड पंधरा-वीस ओळींचाच आहे.

समजा, कॉलेजच्या स्पर्धेची 300 प्रमाणपत्रं छापायची आहेत. नक्षीची चौकट, लोगो, प्राचार्यांची सही सगळीकडे तीच. बदलतं काय? नाव आणि क्रमांक. पायथॉनमध्ये रिपोर्टलॅब नावाची मोफत लायब्ररी आहे. एक्सेलमधली यादी सीएसव्ही म्हणून सेव्ह करायची, लूप लावायचा, दर फेरीला एक पान. झालं!

पण इथेच एक गोची आहे. लूपच्या आत दर पानावर चौकट, लोगो, सही पुन्हा पुन्हा काढली, तर तेवढा सगळा मजकूर फाइलमध्ये 300 वेळा लिहिला जाऊ शकतो. साधा हिशोब करू. ही सजावट 200 केबीची धरली, तर 300 पानांची फाइल जवळपास 60 एमबी होते. जीमेलची अटॅचमेंटची मर्यादा 25 एमबी. म्हणजे ती मेलला जोडता येत नाही, आणि झेरॉक्सच्या दुकानातला प्रिंटरही दर पानाला विचार करत बसतो.

आता पीडीएफच्या पोटात डोकावू. पीडीएफ म्हणजे पानांचे फोटो नव्हेत. त्यात क्रमांक दिलेल्या वस्तू असतात: हे पान, हा फॉन्ट, हे चित्र. कोणती वस्तू फाइलमध्ये कुठे आहे, याची अनुक्रमणिका शेवटाकडे असते. त्यामुळे एखादं पान नुसतं एवढंच म्हणू शकतं, की 'ती 7 नंबरची वस्तू इथे काढ'. अशा पुन्हा वापरता येणाऱ्या चित्राला फॉर्म एक्सऑब्जेक्ट म्हणतात. नावात फॉर्म असला तरी भरायच्या फॉर्मशी त्याचा संबंध नाही. त्याला सरळ रबरी शिक्का समजा. शिक्का एकदा कोरायचा, मग हवा तितक्या वेळा उमटवायचा.

रिपोर्टलॅबमध्ये यासाठी तीन शब्द लक्षात ठेवा. 'बिगिनफॉर्म' म्हणून शिक्क्याला नाव द्या आणि चौकट, लोगो, सही काढा. 'एंडफॉर्म' म्हटलं की कोरणं संपलं. हे सगळं लूपच्या बाहेर, एकदाच. मग लूपमध्ये दर पानावर आधी 'डूफॉर्म', म्हणजे शिक्का उमटव, आणि त्यावर नाव लिही. क्रम उलटा केलात आणि शिक्क्याला रंगीत पार्श्वभूमी असली, तर नाव तिच्याखाली गायब! आता सजावटीचे 200 केबी एकदाच, आणि दर पानाची जेमतेम भर. 60 एमबीचं काम 1 एमबीच्या आसपास येतं.

शिवाय हा शिक्का लहान-मोठा करता येतो, तिरकाही. रेषांनी काढलेली नक्षी कितीही मोठी केली तरी फाटत नाही. लोगो फोटोच्या स्वरूपात असेल तर मात्र 300 डीपीआयचा हिशोब धरा: 3 सेंटीमीटर रुंदीला साधारण 354 पिक्सेल. व्हॉट्सअॅपवरून आलेला दाबलेला लोगो टाळा, मूळ फाइल मागून घ्या.

मोजमापाचं एक लक्षात असू द्या. इथे एकक पॉइंट आहे, 72 पॉइंट म्हणजे 1 इंच. ए4 पान साधारण 595 बाय 842 पॉइंट. आणि शून्य डावीकडे खालच्या कोपऱ्यात, वर नाही.

आणखी एक: प्रत्येकाची वेगळी पीडीएफ बनवून मग त्या जोडू नका. प्रत्येक फाइल स्वतःचा शिक्का घेऊन येते, आणि जोडणारं टूल हुशार नसेल तर पुन्हा 300 शिक्के. छापायला एकच फाइल बनवा. प्रत्येकाला पाठवायच्या फाइली वेगळ्या चालवून काढा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, नाव. मराठी अक्षरं नीट जुळायला शेपिंग लागतं. नुसता देवनागरी फॉन्ट जोडून भागत नाही. शेपिंग नसेल तर 'दिव्या'ची पहिली वेलांटी द च्या पुढे जाऊन बसते आणि 'व्या' सुटा होतो. 'शर्मिष्ठा'चा रफार हरवतो. हे जुळवण्याचं काम हार्फबझ नावाची लायब्ररी करते. एफपीडीएफ2 मध्ये शेपिंग चालू करायची सोय आहे, आणि एचटीएमएलमधून पीडीएफ करणारं वीझीप्रिंटही हे सांभाळतं. म्हणून 300 पानं छापायच्या आधी श्रद्धा, ऋत्विक, शर्मिष्ठा, दिव्या अशी चार अवघड नावं घालून एक पान कागदावर काढून बघा. चौकट सगळ्यांची सारखीच असते हो, पण घरी भिंतीवर लागतं ते आपलं नाव. तेच चुकलं, तर बाकीची नक्षी काय कामाची?

या आठवड्यात छोटासा शिक्का करून बघा, दोन पानांवर उमटवा आणि फाइलचा आकार तपासा. भेटू पुढच्या भागात!