तिसऱ्या दिवसाचा पुरावा

बल्लारपूर म्हटले की लोकांना कागद कारखाना आठवतो, नाहीतर कोळशाच्या खाणी. चांदा धर्मप्रांताचे मुख्य चर्चही याच गावात आहे आणि ते संत थोमाच्या नावाने ओळखले जाते. केरळच्या सिरो-मलबार परंपरेतल्या धर्मगुरूंकडे 1962 मध्ये या जंगलपट्टीचे काम सोपवले गेले आणि 1977 मध्ये त्याला पूर्ण धर्मप्रांताचा दर्जा मिळाला. थोमा म्हणजे येशूच्या बारा शिष्यांपैकी पुरावा मागणारा शिष्य. गुरू कबरेतून उठला असे सोबती सांगू लागले तेव्हा त्याने साफ सांगितले की खिळ्यांचे व्रण पाहिल्याशिवाय आणि त्यांना बोट लावल्याशिवाय आपण मानणार नाही. योहानाच्या शुभवर्तमानाने हा अविश्वास झाकून ठेवलेला नाही. म्हणूनच पुनरुत्थानाचा पुरावा पारखायला बसणे म्हणजे कुणाच्या श्रद्धेवर घाला घालणे नव्हे. ही पारख त्या धर्माच्या मूळ ग्रंथातच सुरू झाली आहे.

शिवाय सारा डोलारा याच एका गोष्टीवर उभा आहे. प्रेम, क्षमा, सेवा ही शिकवण इतर धर्मांतही सापडते. पण रोमन सुभेदार पिलाताच्या हुकमाने क्रुसावर मेलेला माणूस तिसऱ्या दिवशी जिवंत झाला, हा दावा एका विशिष्ट शहरातल्या विशिष्ट आठवड्याबद्दलचा आहे. प्रेषित पौलाने तर करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रात हे घडले नसेल तर आपला प्रचार आणि तुमचा विश्वास दोन्ही फोल आहेत, असे स्वतःच कबूल केले. कोणत्याही धर्माच्या प्रचारकाने आपले सर्वस्व असे एका घटनेवर लावल्याची उदाहरणे थोडीच सापडतील.

मराठी माणसाला हा वाद नवा नाही. 1830 च्या सुमारास मुंबईत मिशनरी जॉन विल्सन आणि हिंदू पंडित मोरभट दांडेकर यांच्यात जाहीर वादविवाद झाले. 1857 च्या सुरुवातीच्या महिन्यांत विष्णुबावा ब्रह्मचारी समुद्रकिनाऱ्यावर मिशनऱ्यांशी भर गर्दीत वाद घालत होते. त्याआधी, 1839 मध्ये, संस्कृतज्ञ जॉन म्यूर याने ‘मतपरीक्षा’ हा संस्कृत ग्रंथ लिहिला आणि खऱ्या धर्माची एक खूण म्हणून त्याच्या संस्थापकाचे चमत्कार पुढे केले. त्याला उत्तर देणाऱ्यांत नीळकंठशास्त्री गोरे हे मराठी कुळातले तरुण पंडित होते. चमत्कार तर आमच्याही पुराणांत आहेत, मग तुमचे तेवढे खरे आणि आमचे खोटे कशावरून, हा पंडितांचा सवाल बिनतोड होता आणि आजही त्याची धार गेलेली नाही. पुढे 1848 मध्ये गोऱ्यांनी स्वतःच बाप्तिस्मा घेतला, पण त्यामुळे तो सवाल मिटला असे होत नाही. त्याचे उत्तर एकाच मार्गाने देता येते. चमत्कार आहे म्हणून दावा मानायचा नाही किंवा फेटाळायचाही नाही, तर साक्ष किती जुनी, कोणाची आणि कशी टिकली हे पाहायचे.

सर्वांत जुनी साक्ष शुभवर्तमानांत नाही, पौलाच्या पत्रात आहे. करिंथकरांस पहिले पत्र साधारण इ. स. 53 ते 55 च्या दरम्यानचे, म्हणजे येशूच्या मृत्यूनंतर वीस-पंचवीस वर्षांतले. त्याच्या पंधराव्या अध्यायात पौल म्हणतो की, आपल्याला जे मिळाले तेच आपण पुढे दिले. मग तो यादी देतो: केफा म्हणजे पेत्र, बारा जण, पाचशेहून अधिक बंधू, येशूचा भाऊ याकोब आणि शेवटी स्वतः पौल. पाचशेंपैकी बरेच जण अजून हयात आहेत, असेही तो नमूद करतो. गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात तो यरुशलेमला जाऊन पेत्राकडे पंधरा दिवस राहिल्याचे आणि याकोबाला भेटल्याचे सांगतो. त्यामुळे यादीतला गाभा घटनेनंतर काही वर्षांतच रूढ झाला होता, असे ख्रिस्ती नसलेले अभ्यासकही मानतात. शतकानुशतके वाढत गेलेली दंतकथा हे स्पष्टीकरण इथे लागू पडत नाही.

पण या यादीत काय नाही, हेही पाहायला हवे. रिकाम्या कबरेचा थेट उल्लेख नाही आणि स्त्रियांची नावेही नाहीत. शुभवर्तमानांत मात्र कबरेपाशी पहिल्यांदा पोचतात त्या स्त्रियाच. मरिया मग्दालिया चारही वृत्तांतांत आहे. त्या काळच्या ज्यू समाजात स्त्रीच्या साक्षीला फारसे वजन नव्हते, तेव्हा कुणी कथा रचली असती तर साक्षीदार म्हणून पुरुष उभे केले असते, असा समर्थकांचा युक्तिवाद आहे आणि तो दमदार आहे. त्याच वेळी किती स्त्रिया गेल्या, कबरेत कोण दिसले, शिष्यांना येशू गालीलात भेटला की यरुशलेमात, याबाबत चारही वृत्तांत जुळत नाहीत. मार्काचे शुभवर्तमान सर्वांत जुने, इ. स. 70 च्या आसपासचे. सिनाई आणि व्हॅटिकन या चौथ्या शतकातल्या हस्तलिखितांत ते सोळाव्या अध्यायाच्या आठव्या ओवीवरच थांबते. स्त्रिया घाबरून पळतात आणि कुणाला काही बोलत नाहीत. पुढच्या बारा ओव्या मागाहून जोडल्या गेल्या, यावर अभ्यासकांत जवळपास एकमत आहे.

आता जमिनीतून काय निघाले ते पाहू. 1968 मध्ये यरुशलेमच्या उत्तरेकडच्या भागात बांधकामाच्या वेळी काही कबरी उघड झाल्या. त्यातल्या एका दगडी अस्थिपेटीवर येहोहानान हे नाव होते आणि आत टाचेचे एक हाड होते. त्या हाडातून लोखंडी खिळा आरपार गेलेला होता. खिळ्याचे टोक वाकलेले असल्यामुळेच बहुधा तो उपसून काढता आला नाही आणि प्रेताबरोबर कबरेत गेला. क्रुसावर मेलेल्याचे प्रेत रोमन लोक गिधाडांना सोडून देत, त्यामुळे येशूला कबर मिळणे अशक्य, असे म्हणणाऱ्यांपुढे हे हाड उभे राहते. किमान एका क्रुसावरच्या माणसाला घरच्यांनी रीतसर पुरले होते. 1961 मध्ये कैसरिया येथे पिलाताचे नाव कोरलेला शिलालेखही सापडला. टॅसिटस या रोमन इतिहासकाराने दुसऱ्या शतकाच्या आरंभी ख्रिस्ताला पिलाताने मृत्युदंड दिल्याचे लिहून ठेवले आहे. ज्यू इतिहासकार जोसेफसच्या ग्रंथातल्या येशूविषयीच्या उताऱ्यात मात्र ख्रिस्ती नकलाकारांनी भर घातली आहे, म्हणून तो जपूनच वापरावा लागतो.

असे पुरावे किती पुढे नेतात, हे थोमाच्याच दुसऱ्या कथेवरून समजते. तिसऱ्या शतकातल्या ‘थोमाची कृत्ये’ या सिरियाक ग्रंथात तो भारतात गोंडोफरनीस राजाच्या दरबारी आल्याची कथा आहे. हा राजा काल्पनिकच असेल असे वाटण्याजोगी स्थिती होती. एकोणिसाव्या शतकात वायव्य सरहद्दीकडे त्याची नाणी सापडली आणि तख्त-इ-बाहीच्या शिलालेखाने त्याचा काळ पहिल्या शतकात पक्का केला. राजा खरा ठरला, पण त्याने थोमाला महाल बांधायला सांगितल्याचे त्यावरून सिद्ध होत नाही. पिलाताच्या शिलालेखाचेही तसेच. पार्श्वभूमी खरी ठरली की कथाकाराला काळाची माहिती होती एवढे कळते. घटनेचा निवाडा वेगळाच करावा लागतो.

पुराव्याचा असा हिशेब चांद्याच्या भागात एका मिशनरीनेच मांडला होता, फक्त दगडांच्या बाबतीत. स्टीफन हिस्लॉप 1845 मध्ये नागपूरला आला. प्रचार आणि शाळा सांभाळत त्याने नागपूर, चांदा आणि प्राणहितेच्या खोऱ्यातले खडक धुंडाळले. सिरोंच्याजवळच्या कोटा गावच्या चुनखडीतले मासे आणि मांगलीच्या वालुकाश्मातली उभयचर प्राण्याची कवटी यांनी तेव्हाच्या लंडनच्या अभ्यासकांचे लक्ष वेधले. वनस्पतींचे ठसे जुळवून हिस्लॉपने इकडच्या दगडी कोळशाचे थर ज्युरासिकच्या आसपासचे ठरवले. पुढच्या संशोधनाने ते आणखी मागे, पर्मियन काळात नेले. जीवाश्म अस्सलच होते, त्यांवरून काढलेला निष्कर्ष तेवढा सुधारावा लागला. 4 सप्टेंबर 1863 ला टाकळघाटची शिलावर्तुळे पाहून परतताना तो पूर आलेल्या नाल्यात बुडून मेला.

जुन्या शिलावर्तुळांप्रमाणे भामरागडकडचे माडिया आदिवासी आजही मृतांसाठी दगड उभे करतात. पूर्वजांचा जीव घराजवळ वावरतो, स्वप्नात येतो, कोपतो आणि राखतोही, हे तिथल्या माणसाला कुणी शिकवावे लागत नाही. पहिल्या शतकातल्या यरुशलेमातही भुते आणि दर्शने ठाऊक होती. मेलेला प्रिय माणूस दिसणे तिथल्या लोकांना नवे नव्हते आणि अशा अनुभवावरून तो शरीराने उठला असे कुणी म्हणत नसे. एन. टी. राइट या इंग्रज अभ्यासकाने 2003 मधल्या आपल्या जाडजूड ग्रंथात हाच मुद्दा लावून धरला आहे. शिष्यांना नुसता भास झाला असता, तर त्यांनी आत्मा भेटला असे म्हटले असते. शरीराने उठणे हा शब्दप्रयोग त्यांनी का केला, याचे उत्तर भासाच्या सिद्धान्ताला द्यावे लागते.

उलट बाजूही तितकीच गंभीर आहे. डेव्हिड ह्यूमने 1748 मध्ये मांडले की चमत्काराची साक्ष मानायची तर ती साक्ष खोटी असणे हे त्या चमत्काराहून अधिक अविश्वसनीय असले पाहिजे. गेर्ड ल्यूडेमान या जर्मन प्राध्यापकाने पेत्राचा शोक आणि पौलाचा आतला अपराधभाव यांतून दर्शने घडली असे प्रतिपादन केले आणि अखेर आपण ख्रिस्ती उरलो नाही असे जाहीर केले. हे स्पष्टीकरण एका-दोघांना लागू पडते. बारा जणांचा मेळा आणि आधी येशूच्या अनुयायांचा छळ करणारा पौल या दोघांनाही ते सारख्याच सहजतेने लागू करणे कठीण जाते.

सगळे तोलून पाहिले तर निकाल एवढा निघतो. येशूचे क्रुसावरचे मरण प्राचीन इतिहासातल्या भक्कम गोष्टींपैकी एक आहे. शिष्यांना तो जिवंत दिसला असा त्यांचा ठाम समज फार लवकर तयार झाला आणि काहींनी त्यासाठी प्राण दिले, हेही भक्कम आहे. रिकाम्या कबरेचा पुरावा चांगला आहे, निर्विवाद नाही. या तिन्हींपुढचे पाऊल, म्हणजे देवाने त्याला उठवले, हे कागदपत्रांतून आपोआप निघत नाही आणि कागदपत्रांनी खोडूनही टाकता येत नाही. देव इतिहासात हस्तक्षेप करू शकतो असे मानणाऱ्याला ते पाऊल सरळ वाटते, न मानणाऱ्याला अशक्य वाटते. पण यहुदी अभ्यासक पिंखास लापिदे यांनी 1977 च्या आपल्या जर्मन पुस्तकात हाच पुरावा पाहून येशू खरोखर उठला असे मान्य केले आणि तरीही त्याला मसीहा मानले नाही. ल्यूडेमान ख्रिस्ती घरातून बाहेर पडला, लापिदे यहुदीच राहिले, आणि दोघांच्या टेबलावर कागद तेच होते.