विरळ होणारे केस आणि औषधांची मर्यादा

केस विरळ होऊ लागले की माणूस आधी तेल बदलतो, मग साबण बदलतो आणि शेवटी गावच्या पाण्याला दोष देऊन मोकळा होतो. वस्तुतः ह्या तिघांचाही त्यात फारसा हात नसतो.

डोक्यावर सुमारे एक लाख केस असतात. प्रत्येक केस काही वर्षे वाढतो, दोन-तीन महिने विसावतो आणि गळतो. त्याच मुळातून नवा येतो. रोज ५० ते १०० केस गळणे हा रोग नव्हे. मोठा ताप किंवा बाळंतपण झाले की पुष्कळ केस एकदम विसावतात आणि दोन-तीन महिन्यांनी फणीत झुबक्यांनी येतात. हे केस बहुधा आपोआप परत येतात. त्या वेळी घेतलेले औषध फुकटचे श्रेय उपटते!

पुरुषांचे टक्कल निराळे. जेम्स हॅमिल्टन ह्या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९४२ साली दाखवले की, वयात येण्यापूर्वी वृषणे निकामी झालेल्यांना टक्कल पडत नाही. मात्र घराण्यात टक्कल असून पुरुष-संप्रेरक टोचले, तर पडू लागते. त्या संप्रेरकापासून शरीरात डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन बनते आणि त्याच्या प्रभावाने केसाचे मूळ दर खेपेस बारीक होत जाते. शेवटी उरते ती लव. बारीक होऊ लागलेले मूळ औषधाने पुष्कळदा सावरते; गुळगुळीत टकलापुढे औषध हात टेकते. म्हणून उपचार लवकर हवा.

मिनॉक्सिडिल हे मूळचे रक्तदाबाचे औषध. ते घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढू लागले, तेव्हा त्याचे टाळूला लावायचे द्रावण निघाले. अमेरिकेत त्याला १९८८ साली मान्यता मिळाली. आरंभी केस उलट अधिक गळू शकतात, आणि अनेकजण तिथेच बाटली फेकून देतात. गुण कळायला चार ते सहा महिने लागतात. शिवाय लावणे थांबवले की कमावलेले केस काही महिन्यांत जातात. हा खर्च कायमचा आहे, हे आधीच ध्यानात घ्यावे.

फिनास्टेराइडची गोळी १९९७ पासून टकलासाठी मिळू लागली. ती त्या संप्रेरकाचे रूपांतरच रोखते. काही पुरुषांत तिने कामेच्छा मंदावते. गर्भवती स्त्रीने तर फुटलेल्या गोळीला हातही लावू नये. डॉक्टरांना विचारल्यावाचून ती घेऊ नये.

मग खोबरेल तेल? रेले आणि मोहिले ह्या संशोधकांनी २००३ साली दाखवले की, त्याने केसातील प्रथिनांची झीज कमी होते. म्हणजे असलेला केस टिकतो. नवा उगवत नाही.

स्त्रियांचा भांग रुंदावू लागला, तर रक्तक्षय किंवा थायरॉईडचा विकार मागे असू शकतो. तिथे बाटली आणण्याआधी रक्त तपासून घ्यावे.